व्रण आणि त्याचे वाचक : ‘पुरनानूरु’च्या निमित्ताने

तमिळ भाषेत भरून आलेल्या जखमेच्या खुणेला ‘वडु’ असा एक शब्द आहे. मद्रास विद्यापीठाने १९२४ ते १९३६ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध केलेल्या तमिळ कोशात या शब्दाखाली अर्थांची एक विलक्षण रांग लागलेली दिसते. वडु म्हणजे अगदी कोवळी कैरी. वडु म्हणजे जखमेची खूण. वडु म्हणजे दोष आणि वडु म्हणजे लोकापवादही. यांपैकी पहिला अर्थ चेन्नईतील अनेक घरांत आजही मिठाच्या पाण्यात मुरत बरणीत ठेवलेला असतो. उरलेले तीन अर्थ मात्र माणसाच्या अंगावरून त्याच्या नावावर कसे सरकत गेले, याचा शोध घेऊ लागले म्हणजे कोश अपुरा पडतो आणि काव्याकडे वळावे लागते.

मराठीची स्थिती फार वेगळी नाही. ‘व्रण’ हा तत्सम शब्द बोलीत ‘वण’ झाला आणि बहुतांशी शरीरापुरताच राहिला. ‘डाग’ हा शब्द मात्र भाजल्याची खूण, कापडावरचा कलंक, चारित्र्यावरचा ठपका असा पसरत गेला. आणि गंमत अशी, की सोन्याचा दागिना यालाही मराठी माणूस ‘डाग’च म्हणत आला. अंगावर काय आहे यापेक्षा ते कोण आणि कोणत्या नजरेने पाहतो यावर शब्दाचा अर्थ ठरावा, अशी ही दोन्ही भाषांतील व्यवस्था आहे. प्राचीन तमिळ वीरकाव्यात या व्यवस्थेचे जितके उघडे आणि निर्दय दर्शन घडते तितके अन्य भारतीय साहित्यात क्वचितच घडत असेल. मराठी समीक्षेने या काव्याकडे बव्हंशी शौर्याची गाथा म्हणूनच पाहिले. त्यातील व्रणांचा विचार त्यामुळे राहून गेला आहे.

‘पुरनानूरु’ हा चारशे गीतांचा संग्रह. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील ही गीते ताडपत्रांवर नकलून घेत पिढ्यान्‌पिढ्या टिकली आणि उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) यांनी १८९४ मध्ये त्यांची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात तमिळचे अध्यापन केलेल्या या संपादकाचा पुतळा त्या महाविद्यालयाच्या आवारात उभा आहे, आणि त्यांच्या हस्तलिखितांचे ग्रंथालय चेन्नईच्या बेसंटनगर भागात आहे. त्यांच्या संपादनपद्धतीचा एक विशेष येथे मुद्दाम नोंदवावयास हवा. कसरीने खाल्लेल्या किंवा तुटलेल्या पत्रांवर जेथे अक्षरे नव्हती तेथे त्यांनी स्वतःच्या प्रतिभेने ती भरून काढली नाहीत. टिंबे घालून जागा मोकळी सोडली. संग्रहातील २६७ आणि २६८ ही गीते मिळालीच नाहीत, आणि अखेरच्या शंभरातील कितीतरी गीते खंडित आहेत. संहितेवरचे व्रण झाकू नयेत, हा निर्णय एका संपादकाने घेतला होता. पुढील विवेचनास त्याचा उपयोग होईल.

या काव्यात जखमांची प्रतवारी आहे. छातीवर झालेली जखम ती ‘विळुप्पुण्’, म्हणजे थोर जखम. पाठीवर झालेली ती ‘पुरप्पुण्’, आणि तिच्याइतके लाजिरवाणे दुसरे काही नाही. वळ्ळुवरांनी ‘तिरुक्कुरळ’मधील सैन्याच्या अभिमानावरच्या अधिकारात (कुरळ ७७६) असे सुचविले आहे, की वीर आपल्या आयुष्याचे दिवस मोजावयास बसला तर अशी थोर जखम ज्या दिवशी झाली नाही तो दिवस तो वाया गेलेल्यांत जमा करील. अंगावरील खुणा म्हणजे जणू जमाखर्चाची वही. हा संकेत वाचकाच्या इतका अंगवळणी पडतो, की त्यातील एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. ही वही वाचतो कोण? छातीवरची खूण ज्याची त्याला दिसते. पाठीवरची ज्याची त्याला कधीच दिसत नाही. ती इतरांनाच दिसते. पाठीवरच्या जखमेच्या लाजेचे मूळ बहुधा या साध्या शारीरिक वस्तुस्थितीतही असावे.

वेण्णीच्या लढाईवरील दोन गीते या दृष्टीने एकत्र वाचावी लागतात. चोळराजा करिकाल आणि चेरराजा पेरुंचेरलादन यांच्यात ही लढाई झाली. चेरराजाच्या पाठीला जखम झाली. त्या लाजेने तो हातात तलवार घेऊन उत्तरेकडे तोंड करून प्रायोपवेशनास बसला आणि अन्नत्याग करून मेला. पासष्टाव्या गीतात कळात्तलैयार या कवीने त्यानंतरच्या गावाचे चित्र रेखाटले आहे: वाद्ये मुकी झाली, नांगर थांबले, उत्सव विसरले गेले. पण याच गीतात एक बारीक तपशील असा आहे, की शत्रूने भाला फेकला तो समोरच्या बाजूचा नेम धरून. रूढ अन्वयाप्रमाणे तो छातीतून आरपार गेला आणि त्यामुळे पाठीवर जखम दिसू लागली. हा अन्वय मान्य केला तर चेरराजाने पाठ दाखविलीच नव्हती. त्याने कोणतेही भ्याड कृत्य केले नव्हते, आणि हे त्याला स्वतःला पुरते ठाऊक होते. तरीही तो बसला. आपण काय केले यापेक्षा आपली पाठ पाहणाऱ्याला काय वाटेल हे त्याच्या लेखी अधिक खरे होते. या गीताचा उल्लेख वीरांच्या मानीपणाचा दाखला म्हणून करण्याची प्रथा आहे. वास्तविक त्यात दिसते ती एका निरपराध माणसाची इतरांच्या नजरेपुढची शरणागती, आणि ती त्याच्या प्राणांवर बेतलेली आहे.

सहासष्टावे गीत एका स्त्रीचे आहे. वेण्णी कुयत्तियार, म्हणजे वेण्णी गावची कुंभारीण, एवढीच तिची ओळख शिल्लक आहे. ती विजयी करिकालापुढे उभी राहून त्याची स्तुती करते. त्याच्या पूर्वजांनी वारा वश करून समुद्रावर नावा हाकल्या याची आठवण देते, आणि मग विचारते, की पाठीच्या जखमेची लाज वाटून उत्तरेकडे तोंड करून बसलेला तो तुझ्याहून श्रेष्ठ नव्हे काय? राजाश्रयाच्या काव्यात विजेत्याला त्याच्या तोंडावर असे विचारणे ही धाडसाची गोष्ट आहे. पण या धाडसाचे कौतुक करताना एक मर्यादाही नजरेआड करू नये. कुंभारणीने व्रणाचा अर्थ उलटविला, परंतु तो त्या माणसाने स्वतःस मारून घेतल्यानंतर. जिवंत राहून, पाठीवरची खूण घेऊन, बाजारातून चालत जाणाऱ्या चेरराजासाठी तिच्याजवळही शब्द नव्हते. तसा चेरराजा या काव्यसृष्टीत संभवतच नाही. व्रणासह जगणे हा या काव्याचा विषय फार क्वचित होतो. व्रणासह मरणे हाच त्याचा नेहमीचा विषय आहे.

काक्कैपाडिनियार नच्चेळ्ळैयार या कवयित्रीचे २७८ वे गीत शालेय पुस्तकांतून आणि व्यासपीठांवरून इतक्यांदा ऐकविले गेले आहे, की त्यातील भयानकता बोथट झाली आहे. मुलाने रणात पाठ दाखविली असे लोक म्हणतात. शिरा उमटलेली, वाळलेल्या खांद्यांची म्हातारी ते ऐकून संतापते. तसे असेल तर ज्या स्तनांनी त्याला पाजले ते कापून टाकीन, अशी प्रतिज्ञा करते. तलवार घेऊन ती रणांगणात जाते आणि पडलेली प्रेते उलथीपालथी करीत फिरते. शेवटी तिला मुलगा सापडतो, आणि त्याला जन्म दिला त्या दिवसापेक्षाही तिला अधिक आनंद होतो. कवयित्रीने येथे एक गोष्ट सांगितली आहे आणि तिचा परिणाम सांगावयाचे टाळले आहे. मुलाचे शरीर तुटून वेगवेगळे झालेले होते. ज्या देहाचे तुकडे पडले आहेत त्याला छाती कोणती आणि पाठ कोणती? आईला जे सिद्ध करावयाचे होते त्याचा पुरावा म्हणून जे समोर आले ते पुढची आणि मागची बाजू हा भेदच मोडीत काढणारे होते. तिने ते पुरावा म्हणून स्वीकारले. गीत येथेच थांबते. हा आनंद म्हणजे स्वतःच्या स्तनांची सुटका झाल्याचा सुस्काराही असू शकेल, ही शक्यता रूढ वाचनात कोठेच येत नाही. कवयित्रीच्या मौनात ती निश्चित आहे.

व्रण हा पाहणाऱ्यांसाठी असतो, या गोष्टीची परिसीमा आणखी दोन गीतांत गाठलेली आहे. ९३ व्या गीतात अव्वैयार सांगते, की जे राजे रोगाने अंथरुणावर मरत त्यांना दर्भावर निजवून, मंत्र म्हणून, तलवारीने छेद दिला जाई. रणात पडलेले जेथे जातात तेथे त्यांनाही जाता यावे म्हणून. ७४ वे गीत चेरराजा कणैक्काल इरुम्पोरै याच्या नावावर आहे. बंदिवासात पाण्यासाठी तिष्ठत राहावे लागले तेव्हाचे हे त्याचे उद्गार. आमच्या कुळात मूल मेलेले जन्मले किंवा नुसता मांसाचा गोळा जन्मला, तरी तोही तलवारीवाचून जात नाही, असे तो म्हणतो. ज्याला वेदना होणे शक्य नाही अशा देहावर केलेली ही खूण निव्वळ वाचकांसाठी आहे. मजकूर आधीच ठरलेला आहे आणि कातडे हे केवळ लिहिण्याचे साधन झाले आहे. वीरयुगाच्या गौरवाने भारावलेल्या अभ्यासकांनी या दोन गीतांपाशी थोडे अधिक थांबावयास हवे होते.

या सगळ्यांहून निराळे असे एक गीत संग्रहात आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे ठरते. १८० व्या गीताचा नायक राजा नाही. ईर्न्दूर गावचा तोयनमारन हा एक लहानसा सरदार आहे. त्याच्याजवळ नेहमी देता येईल इतके धन नाही, आणि नाही म्हणून परत पाठविण्याचा हलकेपणाही नाही. तो राजासाठी लढतो, जखमी होतो, जखमा भरतात आणि तो पुन्हा घरी येतो. एवढ्यानेच हे गीत वेगळे होते. येथे जखमा भरतात. गायक भुकेले पोट दाखवीत दारी आले, की तो आपल्या गावच्या लोहाराला आपले रिकामे पोट दाखवून भाला घडवून द्यावयास सांगतो, म्हणजे लढून काही मिळवून आणता येईल. कवी त्याला गायकांच्या भुकेचा वैरी म्हणतो. त्याच्या देहाचे वर्णन करताना कवीने एक प्रतिमा योजली आहे. औषधासाठी लोक ज्याची साल काढून नेतात अशा झाडाप्रमाणे त्याच्या अंगावर तलवारीचे वण दाटलेले आहेत.

मराठी वाचकाला ही प्रतिमा समजावून सांगण्याची गरज नाही. गावाबाहेरचा अर्जुन किंवा रानातला कुडा त्याने पाहिलेला असतो. माणसाच्या हाताला येईल तेवढ्या उंचीपर्यंत खोडाची साल जागोजागी काढलेली, त्याभोवती नव्या सालीचे जाड ओठ आलेले, आणि वर पालवी शाबूत. निरुपयोगी झाडावर असे वण नसतात. तोयनमारनाच्या अंगावरचे वण शत्रूचे शौर्य सांगत नाहीत आणि त्याचे स्वतःचेही फारसे सांगत नाहीत. त्याच्यावाचून कोणाकोणाचे अडले होते ते सांगतात. वीरकाव्याच्या मोजमापात छाती आणि पाठ यांचा जो ताळेबंद असतो तो या प्रतिमेपुढे अप्रस्तुत ठरतो. झाडाला छाती आणि पाठ नसते.

मूळ गीतातील खरी मौज पुढच्याच शब्दांत आहे. तलवारीचे ‘वडु’ दाटलेला तो देह ‘वडु’वाचून शोभतो, असे कवी म्हणतो. पहिल्या वडुचा अर्थ खूण आणि दुसऱ्याचा दोष. एकाच शब्दात शरीराची खूण आणि नावावरचा कलंक यांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या भाषेतच राहून कवीने ती गाठ सोडविली. भाषांतरात हे निसटते. इंग्रजीत दोन वेगळे शब्द वापरावे लागतात आणि मग विरोधच नाहीसा होतो. मराठीत डाग या शब्दाच्या आधारे तो काही अंशी आणता येईल, पण डाग म्हटल्यावर तलवार आठवत नाही. येथे भाषांतरकाराने हार मानणेच प्रामाणिकपणाचे होय.

‘तिरुक्कुरळ’मधील १२९ वा कुरळ तमिळ घराघरांत पाठ असतो. त्याचा आशय असा, की आगीने भाजलेले आतून भरून येईल, जिभेने भाजलेले मात्र भरणार नाही. येथेही शब्दयोजना काटेकोर आहे. आगीच्या जखमेला वळ्ळुवरांनी ‘पुण्’ म्हटले आहे, जिभेच्या जखमेला ‘वडु’. परिमेलळगर या प्राचीन भाष्यकाराने त्यावर नेमके बोट ठेवले. भरून येते म्हणून पहिलीस पुण् म्हटले आणि न भरता राहते म्हणून दुसरीस वडु, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. भाष्य म्हणून ते निर्दोष आहे. तरी या कुरळाचा विचार ज्याला खरोखर आगीने भाजले आहे त्याच्या बाजूने केला, तर एक अडचण दिसू लागते. आगीची जखम भरते म्हणजे काय होते? कातडे आकसते, मान खाली ओढली जाते, बोटे चिकटतात, रंग बदलतो. चेन्नईतील कीळपाक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भाजलेल्यांसाठी मोठा विभाग आहे. तेथून बरा होऊन बाहेर पडणारा रुग्ण वैद्याच्या लेखी पुण् संपलेला असतो. नेमक्या त्याच क्षणी रस्त्यावर, बसमध्ये, नात्यागोत्यांत जिभेचे काम सुरू होते. वळ्ळुवरांनी ज्यांची तुलना केली त्या दोन जखमा अशा माणसाच्या बाबतीत एकामागून एक येतात, आणि पहिलीची खूण हेच दुसरीचे निमित्त असते. कुरळातील तुलना खोटी ठरत नाही. ती अक्षत देहाच्या माणसाने केलेली आहे, एवढेच ध्यानात येते.

मराठी मनात या विषयाची जी दोन मोठी रूपे वसली आहेत ती महाभारतातून आलेली आहेत. वनपर्वातील कुंडलाहरणाच्या कथेत इंद्र कवचकुंडले मागावयास येतो तेव्हा कर्ण शक्तीच्या मोबदल्याबरोबर आणखी एक मागणे मागतो. अंगावरून कवच कापून दिल्यावर आपण बीभत्स दिसू नये, असे ते मागणे आहे. आणि इंद्र तुझ्या गात्रांवर व्रण राहणार नाही असा वर देतो. कवच गेल्यावर प्राण जाणार हे कर्णाला सूर्याने आधीच सांगितलेले असते. तो प्राणांसाठी काही मागत नाही, रूपासाठी मागतो. दानशूरत्वाच्या कीर्तनात हा तपशील सहसा गाळला जातो, कारण तो कर्णाला लहान करतो असे वाटते. खरे पाहता जन्मभर ज्याच्याकडे सूतपुत्र म्हणून बोट दाखविले गेले, त्याला आणखी एक दाखविण्याजोगी खूण नको वाटावी यात क्षुद्रता नाही. नजरेचे वजन त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

दुसरे रूप अश्वत्थाम्याचे. सौप्तिकपर्वातील शापात रक्तपुवाचा गंध येणारा, कोणाशीही संवाद न घडणारा भटका एवढेच त्याचे चित्र आहे. कपाळाच्या न भरणाऱ्या जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरणारा अश्वत्थामा ही लोककथेची निर्मिती होय. लोककथा येथे व्यासांहून उदार आहे, कारण तिने त्याला लोकांच्या दारापर्यंत येऊ दिले. जखम असलेल्या माणसाला काहीतरी साधे, घरात असलेले द्यावे लागते हे तिला समजले. आधुनिक मराठी लेखनाने मात्र ही जखम उचलली आणि आत नेली. भळभळती जखम हा शब्दप्रयोग कोणत्याही मानसिक दुःखासाठी इतक्या सैलपणे वापरला गेला, की खरोखर कपाळावर वण असलेल्या माणसासाठी तो उरला नाही. व्रणाची प्रतिमा करण्यात गैर काही नाही. ‘पुरनानूरु’तील झाडही प्रतिमाच आहे. पण ते झाड वाचकाला पुन्हा त्या देहाकडे आणून सोडते. मराठीतील भळभळत्या जखमा देहाकडे परतत नाहीत.

त्याचे एक उदाहरण देवीच्या वणांचे. या रोगाला मराठीत देवी म्हटले, तमिळमध्ये अम्मै, म्हणजे आई. रोगाचे नाव घेताना हात जोडणारा समाज रोग्याच्या चेहऱ्यावरच्या खुणांना मात्र हात जोडत नव्हता. मुलीच्या लग्नाच्या वेळी तर नव्हताच. मराठी कथाकादंबऱ्यांत देवीचे वण किती पात्रांच्या वाट्याला आले याची मोजदाद कोणी करील तर ते बहुधा सावकार, कारकून, संशयित इसम आणि दुय्यम स्त्रिया यांच्या चेहऱ्यांवर सापडतील. ओळखीची खूण म्हणून एक वाक्य खर्च करावयाचे आणि पुढे जावयाचे, अशी ती पद्धत. भारतातील शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला. चेन्नईच्या गिंडी भागातील किंग इन्स्टिट्यूट ही १८९९ साली स्थापन झालेली संस्था मुळात या रोगावरील लस तयार करण्यासाठीच होती. त्या लशीचीही दंडावर खूण राहत असे, आणि ती व्रणच होती. पण ती जवळजवळ सर्वांच्याच दंडावर असल्यामुळे कोणी ती वाचली नाही, तिच्यावरून कोणाचे लग्न मोडले नाही, कोणत्या कादंबरीकाराने ती पात्राला चिकटविली नाही.

मराठी माणसाच्या व्रणाचा जगभर सर्वाधिक वाचला गेलेला वृत्तान्त इंग्रजीत आहे, आणि त्याची वाट मद्रासवरून जाते. १७९२ च्या टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी पकडला गेला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या, म्हणजे बहुधा कुंभार असलेल्या एका माणसाने त्याच्या कपाळाचे कातडे खाली वळवून नवे नाक करून दिले. मद्रास गॅझेटमध्ये ही हकीकत आली, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापली गेली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली, आणि आधुनिक सुघटनशल्याच्या इतिहासात या प्रकरणाला कायमचे स्थान मिळाले. वृत्तान्तात त्या माणसाचे नाव कावसजी असे आहे. मराठा शेतकऱ्याचे हे नाव चमत्कारिक वाटते; ते ऐकणाऱ्याने कसे ऐकले असेल कोण जाणे. चित्रात त्याच्या कपाळावरची जागा स्पष्ट दाखविली आहे. नाक मिळाले त्याची किंमत म्हणून नवा व्रण वर गेला. शल्यवैद्यांना रस कातड्याच्या आकारात होता, आणि तो त्यांच्या दृष्टीने योग्यच होता. परंतु नाक नसलेल्या त्या वर्षभरात गावात तो कसा वावरला, नवे नाक घेऊन घरी गेल्यावर कोण काय म्हणाले, कपाळावर तो फेटा खाली ओढून बांधीत असे काय, यांतले काहीच कोणी विचारले नाही. वेण्णीच्या राजाप्रमाणे तोही आपल्या व्रणाविषयी एक शब्द बोलत नाही. एक कुंभारीण राजाच्या पाठीवरचा अर्थ बदलते आणि एक कुंभार बैलकऱ्याचा चेहरा. दोन्ही प्रसंगी ज्याचा व्रण त्याची जागा मात्र टिंबांनीच दाखवावी लागते.

कायद्याची भाषाही याच नजरेने घडली आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३२० व्या कलमाने भारी दुखापतींची जी यादी केली तीत डोके अथवा चेहरा कायमचा विद्रूप होणे हा एक प्रकार होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमात तो तसाच आला आहे. पाठीवर किंवा पोटावर कायमची खूण राहिली, तर केवळ तेवढ्याने ती या प्रकारात बसत नाही. इतरांना जेथे दिसते तेवढ्याच भागाची विद्रूपता कायद्याने भारी मानली. १९९२ मध्ये मद्रासमध्ये भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी वी. एस. चंद्रलेखा यांच्या चेहऱ्यावर आम्ल फेकण्यात आले, तेव्हा आम्लहल्ला असा स्वतंत्र गुन्हा कायद्यात नव्हता. तो २०१३ मध्ये आला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आम्लहल्ल्यात विद्रूप झालेल्यांना दिव्यांगांत गणले. चंद्रलेखा पुढे राजकारणात गेल्या, एका पक्षाच्या राज्यशाखेच्या प्रमुख झाल्या, सभांतून बोलल्या. त्यांच्याविषयी लिहिताना १९९२ पासून आरंभ करण्याचा मोह लेखकांना आवरत नाही. येथेही तो आवरला गेलेला नाही.

ज्याचा व्रण त्याने स्वतः लिहिणे ही तमिळ साहित्यात फार अलीकडची घटना आहे, आणि तिचे एक ठळक स्थान म्हणजे बामा यांचे ‘करुक्कु’ (१९९२). करुक्कु म्हणजे ताडाच्या पानाच्या देठाची करवतीसारखी दोन्हीकडून कापणारी कड. लहानपणी सरपण गोळा करताना या कडेने अंगावर ओरखडे उठत, याची आठवण लेखिकेने पुस्तकाच्या आरंभी दिली आहे. पुस्तक जातीविषयी आहे, ख्रिस्ती मठातील अनुभवाविषयी आहे, आणि ओरखड्यांची आठवण तेथे पुढे प्रतीक होऊन येते. पण ती आधी पोटरीवरची आणि हातावरची आहे, सरपण कोणाच्या घरी लागत होते याच्याशी जोडलेली आहे. मराठीत ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘उपरा’ (१९८०) यांनी जे दालन उघडले त्याच्याशी या पुस्तकाचे नाते अभ्यासकांनी जोडलेच आहे. ‘पुरनानूरु’शी असलेले नाते अद्याप कोणी फारसे पाहिलेले दिसत नाही, याचे कारण एकाकडे अभिजात म्हणून आणि दुसऱ्याकडे दलित म्हणून बघण्याची सवय हे असावे. तोयनमारनाच्या अंगावरच्या वणांप्रमाणे येथेही दुसऱ्याच्या गरजेसाठी झालेल्या खुणा आहेत. फरक इतकाच, की येथे झाडच बोलते, आणि आपली साल नेली कोणी हे नाव घेऊन सांगते.

बेसंटनगरच्या ग्रंथालयात ठेवलेली हस्तलिखिते त्याच ताडाच्या पानांची आहेत. लिहिण्यापूर्वी पानाच्या कडा काढून टाकीत. मग लोखंडी टोकाने अक्षरे कोरीत, आणि ती कोरलेली जागा पांढरीच दिसत असल्यामुळे वरून काजळी चोळून जादा पुसून घेत. चरे पडलेल्या जागी काजळी बसे, आणि मग मजकूर वाचता येई.